एका पुस्तकातल्या दोन टाचण्या

माझ्या कपाटात एक जुना लाकडी खोका आहे. बी.एस्‌सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी असा खोका कधी ना कधी तयार केलेला असतो. तळाला थर्माकोल, कोपऱ्यात डांबराची गोळी आणि ओळीने टोचलेले कीटक. माझा खोका १९९९ च्या हिवाळ्यातला, अकोटचा. पहिल्या ओळीत फुलपाखरे, मग भुंगे, नाकतोडे, आणि शेवटच्या ओळीत तीन टाचण्या. टाचणीला टाचणीने टोचायचे, म्हणून आम्ही मित्र तेव्हा पुष्कळ हसलो होतो.

त्या तिघींपैकी दोघींचा रंग आता पूर्ण उडाला आहे. मूळचा हिरवा-निळा रंग जाऊन नुसत्या तपकिरी काड्या राहिल्या आहेत. तिसरीच्या चारही पंखांवर मात्र गडद पट्टे आहेत आणि ते पंचवीस वर्षांत जराही फिके झालेले नाहीत. तिघींच्या खाली एकच चिठ्ठी आहे : ‘टाचणी. अकोट परिसर. डिसेंबर ९९.’ परीक्षकांनी चांगले गुण दिले. अक्षर चांगले होते.

आज त्या चिठ्ठीकडे पाहिले की मला संकोच वाटतो. ‘अकोट परिसर’ म्हणजे कुठे? त्या महिन्यात आम्ही नरनाळ्याच्या पायथ्याशी गेलो होतो, पोपटखेडकडे गेलो होतो, वारीला वान नदीवर गेलो होतो आणि गांधीग्रामच्या पुलाखाली पूर्णेच्या पात्रातही उतरलो होतो. ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण त्यांचे पाणी मात्र एकमेकांसारखे मुळीच नाही. आणि टाचणीच्या बाबतीत ‘कुठले पाणी’ हाच पहिला प्रश्न असतो.

चतुर आणि टाचणी हे एकाच गणातले भाऊबंद. मुले दोघांनाही हेलिकॉप्टर म्हणतात. चतुर अंगाने दणकट, आणि बसला तरी पंख आडवे पसरलेलेच ठेवतो. टाचणी नाजूक, काडीसारखी, आणि बहुतेक टाचण्या बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेतात. उडणारी टाचणी आपल्याला दिसते ती तिच्या आयुष्याच्या शेवटच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत. त्याआधीचा काळ ती पाण्याखाली काढते. तिथे तिला पंख नसतात. शरीराच्या मागच्या टोकाला पानांसारखे तीन कल्ले असतात आणि तोंडाखाली घडी घालून ठेवलेला एक लांब ओठ असतो. डासाची अळी किंवा पाणपिसू टप्प्यात आली की तो ओठ एकदम पुढे फेकून ती भक्ष्य पकडते. हे पिल्लू उडू शकत नाही, दूर जाऊ शकत नाही. ज्या पाण्यात अंड्यातून बाहेर आले, ते पाणी बिघडले तर त्याला पळून जायला वाट नाही. टाचणीचा इतिहास म्हणजे पाण्याचा इतिहास, तो यामुळे.

या गणाला ओडोनाटा हे नाव १७९३ मध्ये योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी दिले. ते लिनियसचे शिष्य, आणि कीटकांची वर्गवारी पंखांवरून नव्हे तर तोंडाच्या अवयवांवरून करावी, असे त्यांचे मत होते. ‘ओडोन’ म्हणजे दात. म्हणून हे दातवाले. पण सगळ्यांना ते लगेच पटले असे नाही. पन्नास वर्षांनंतरही अनेक अभ्यासक चतुर-टाचण्यांना ‘न्यूरोप्टेरा’ म्हणजे जाळीदार शिरांच्या पंखांचे कीटक या मोठ्या गठ्ठ्यातच घालत असत. १८४२ साली पॅरिसमध्ये ज्यूल रांब्युर यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याचे नावसुद्धा ‘न्यूरोप्टेरा’ असेच होते. ब्युफाँ यांच्या निसर्गेतिहासाला पुरवणी म्हणून निघालेल्या ग्रंथमालेतला तो एक भाग होता.

रांब्युर हे पेशाने डॉक्टर. भारतातले कीटक त्यांच्यासमोर आले ते युरोपातल्या संग्रहांमधून, वाळलेल्या स्थितीत. या एका ग्रंथात त्यांनी जगभरच्या कितीतरी प्रजातींना नावे दिली. त्यांतल्या दोघी अकोट तालुक्याच्या संदर्भात मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिलीचे आजचे नाव इश्नुरा सेनेगालेन्सिस. सेनेगल हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश, त्यावरून हे नाव पडले. पण ही टाचणी केवळ सेनेगलची नाही. आफ्रिका, अरबस्तान, भारत आणि पार जपानपर्यंत ती पसरलेली आहे. नराची छाती हिरवट, पाठ काळी आणि शेपटीसारख्या उदराच्या टोकाजवळ निळा ठिपका. तळे, डबके, भाताचे खाचर, कालव्याची गळती, काहीही तिला चालते. माद्यांपैकी काही तर हुबेहूब नरासारख्या दिसतात, त्यामुळे नवखा निरीक्षक हमखास फसतो.

दुसरीचे नाव डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा. ‘क्वाड्रिमॅक्युलाटा’ म्हणजे चार डागांची. नराच्या चार पंखांवर चार गडद पट्टे, त्यावरून. मादीचे पंख साधे, पारदर्शक असतात. ही भारताबाहेर आढळत नाही. मध्य भारत, दख्खन आणि दक्षिणेकडच्या वाहत्या नद्या-ओढे हे तिचे घर. काठावरचे दगड, पाण्यावर झुकलेली झुडपे, त्यांवर नर बसलेला असतो. साचलेल्या डबक्यावर तिला शोधण्यात अर्थ नाही.

माझ्या खोक्यातल्या पट्टेवाल्या टाचणीचे नाव वाचकांनी ओळखलेच असेल. तिचा रंग का टिकला, याचे उत्तरही इथेच आहे. टाचण्यांच्या अंगावरचे निळे-हिरवे रंग मेल्यावर लवकर जातात. पंखांवरचा गडद रंग मात्र पंखाच्या आवरणातच मुरलेला असतो, तो राहतो. रांब्युरसमोरही असेच रंग उडालेले नमुने होते. त्यांनी एकीला नाव दिले ते टिकलेल्या डागांवरून, आणि दुसरीला दिले ते गावावरून. नावे कशी पडतात हे मुलांना सांगताना मी हे उदाहरण नेहमी देतो.

आता अकोटच्या भूगोलाकडे वळू. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्याची, म्हणजे गाविलगडच्या डोंगरांची भिंत उभी आहे. तिच्यावर नरनाळ्याचा किल्ला. दक्षिणेला पूर्णा नदी. ही तापीला चांगदेवजवळ मिळणारी पूर्णा. मराठवाड्यातली, गोदावरीला मिळणारी वेगळी. डोंगर आणि पूर्णा यांच्यामधली जमीन वरून सपाट, सारखी दिसते, पण खाली ती दोन प्रकारची आहे.

डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे आणि जाड वाळूचा थर आहे. डोंगरातून येणारे नाले आपल्याबरोबर आणलेला गाळ इथे टाकत आले. भूवैज्ञानिक या पट्ट्याला बझाडा म्हणतात. यात पाणी सहज मुरते आणि ते गोड असते. अकोट-अंजनगाव भागातले पानमळे, पानपिंपळी, केळी आणि संत्र्याच्या बागा या सगळ्या या गोड पाण्यावर वाढल्या. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचा बारीक गाळ सुरू होतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीला मोठा भ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खाली खचला आणि तो खड्डा लाखो वर्षे गाळाने भरत राहिला. काही ठिकाणी या गाळाची जाडी तीनशे मीटरपेक्षा जास्त आहे. चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार वाहून जात नाहीत, साठत राहतात. हाच खारपाण पट्टा. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्याचे नसते आणि पिकालाही सोसत नाही.

एके काळी मात्र या खारेपणाची किंमत होती. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. वाईन यांनी पूर्णेच्या खोऱ्याची पाहणी करून १८६९ मध्ये टिपण प्रसिद्ध केले. पूर्णेच्या काठी, दहीहांड्याच्या आसपास, तेव्हा मिठाच्या विहिरी होत्या. गाळातून खोल विहीर खणायची, खारे पाणी वर काढायचे आणि उन्हात आटवून मीठ करायचे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर मिठागरे! पुढे इंग्रजी अमदानीत तो धंदा बंद पडला. अकोट तालुक्यातल्या मुलांना मिठाचा सत्याग्रह शिकवताना त्यांच्या शेजारच्या गावात मीठ पिकत होते हे सांगितले, तर धडा निराळाच होईल.

टाचणीच्या पिल्लाला या खारेपणाने काय होते? गोड्या पाण्यात राहणाऱ्या कीटकाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहते आणि क्षार बाहेर. पिल्लू आपल्या शरीरातल्या विशिष्ट पेशींनी पाण्यातले क्षार पुन्हा आत ओढून घेत राहते आणि जादा पाणी टाकून देते. बाहेरचे पाणी खारट होत गेले की हे गणित उलटू लागते. काही प्रजाती ते सांभाळतात, बहुतेकींना ते जमत नाही. इश्नुरा सेनेगालेन्सिस ही सांभाळणाऱ्यांपैकी प्रसिद्ध आहे. समुद्रकाठच्या मचूळ पाण्यातही ती वाढते.

डिस्पॅरोन्यूराची अडचण दुहेरी आहे. तिला क्षार नकोत आणि प्राणवायू भरपूर हवा. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. शिवाय साचलेल्या पाण्यात कुजणारा पाला त्यातलाही वाटा घेतो. दगडांवरून खळाळत जाणारे पाणी हवेतून प्राणवायू पुन्हा पुन्हा घेत असते. म्हणून सावलीतला वाहता ओढा आणि उन्हातले डबके यांच्यात, दोन्ही ‘गोडे पाणी’ असले तरी, टाचणीच्या दृष्टीने फार अंतर आहे. अशा रीतीने रांब्युरच्या एका ग्रंथातल्या दोघींचे प्रदेश अकोट तालुक्यात तासाभराच्या एस.टी. प्रवासाच्या अंतराने वेगळे होतात : एक डोंगराकडे, एक पूर्णेकडे. (इश्नुरा अर्थात मधल्या तळ्यांवरही असतेच. तिला कुठेच अडत नाही.)

गेल्या शे-दीडशे वर्षांत माणसाने या पाण्यात बरेच बदल केले. सगळे बदल वाईट हेतूने झाले असे मी म्हणणार नाही, उलट बहुतेक फार गरजेचे होते. नारूचे उदाहरण घ्या. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला की त्याच्या जखमेतून जंताच्या अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी त्या गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याला नारू होई. १९८३-८४ पासून देशभर मोहीम झाली. पायविहिरी बंद करून त्यांचे आड केले, पाण्यात टेमिफॉस टाकले, लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवले. महाराष्ट्र या मोहिमेतल्या राज्यांपैकी एक होता. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण पायविहिरींतल्या साचलेल्या, सावलीतल्या पाण्यात सायक्लॉप्स खाऊन राहणारे कोणकोणते जीव होते, हे पायऱ्या बुजवण्याआधी कुणी मोजले नाही.

डासांसाठीही तसेच. गंबुसिया हा परदेशी मासा १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. तो आणि गप्पी हे डासांच्या अळ्या खातात म्हणून गावोगाव टाक्या-तळ्यांत सोडले गेले. ते टाचणीची पिल्लेही खातात. म्हणजे डासांच्या एका शत्रूने दुसऱ्याला खाल्ले.

डोंगराकडचा बदल मोठा आहे. वान नदीवर वारीजवळ धरण झाले, पोपटखेडला झाले. त्या पाण्यावर आज खारपाण पट्ट्यातल्या अनेक गावांची तहान भागते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मचूळ पाणी प्याले गेले तिथे नळाला गोड पाणी आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. लहानपणी मामाच्या गावी मी स्वतः पाहिले आहे : पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवताना ‘गोडं आहे’ असे मुद्दाम सांगितले जाई. पण धरण झाले की वरच्या बाजूचा दगडगोट्यांचा ओढा तलावाच्या तळाशी जातो आणि खालच्या बाजूला पाणी सोडले तरच पाणी. तलावाच्या काठावर इश्नुरा सुखाने राहते. पट्टेवालीचे तिथे काही राहत नाही.

त्याहून हळू आणि नजरेआड होणारा बदल बझाड्यातला आहे. बोअर खोल खोल गेले, पाण्याची पातळी खाली गेली. ओढ्यात पावसाळ्यानंतर जे पाणी वाहते ते काठच्या भूजलाचे असते. ते खाली गेले की ओढा लवकर आटतो. पूर्वी फाल्गुनापर्यंत वाहणारा नाला पौषातच थांबला, तर आपल्याला तो केवळ ‘लवकर आटलेला नाला’ वाटतो. पाण्याखाली वाढत असलेल्या पिल्लाला मात्र तेवढेच महिने कमी पडतात.

या सगळ्या काळात टाचण्यांची नोंद कोण करत होते? बेल्जियमचे एदमाँ द सेली-लाँशां यांनी १८६० मध्ये डिस्पॅरोन्यूरा हे वंशनाम दिले. हे गृहस्थ राजकारणी होते, पुढे बेल्जियमच्या सिनेटचे अध्यक्ष झाले, आणि जगभरच्या चतुर-टाचण्या त्यांच्याकडे जमा होत. मग लष्करी वैद्यकीय सेवेतले फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर. कूर्ग, निलगिरी, मलबार या भागांत त्यांनी अफाट भटकंती केली, मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात वर्षानुवर्षे लेखमाला लिहिली आणि १९३३ ते १९३६ या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत तीन खंड प्रसिद्ध केले. आजही भारतातल्या टाचणीचे नाव ठरवताना फ्रेझर उघडावाच लागतो. रांब्युरही डॉक्टर, फ्रेझरही डॉक्टर. त्या काळात कीटकशास्त्र बरेचसे डॉक्टरांच्या फावल्या वेळावर चालले होते.

विदर्भात या अभ्यासाचे केंद्र नागपूर झाले. तिथे विद्यापीठात १९७० च्या दशकापासून चतुरांच्या शरीररचनेवर आणि संप्रेरकांवर काम चालले. २००८ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयात चतुरांच्या अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि मध्य भारतातल्या सामान्य प्रजातींची सचित्र पुस्तिका निघाली. २०१३ मध्ये विदर्भाची यादी आली. २०१५ मध्ये आशिष टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी साऱ्या महाराष्ट्राची यादी दिली : १३४ प्रजाती. दरम्यान २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून टाचण्यांच्या कुळांची फेरमांडणी झाली आणि आपली पट्टेवाली तिच्या जुन्या कुळातून उचलून दुसऱ्या कुळात बसवली गेली. ओढ्यावरच्या नराला त्याचे काय? पण जुनी पुस्तके वापरणाऱ्या शिक्षकांना हे माहीत असावे म्हणून लिहिले.

या तारखा धरणे आणि बोअरच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. तालुक्याचे पाणी आधी बदलले, याद्या नंतर आल्या. नामशेष होण्याच्या दृष्टीने डिस्पॅरोन्यूराची चिंता करण्यासारखी स्थिती नाही; देशभरात ती ठीक आहे. पण अकोटच्या कोणत्या ओढ्यावर ती होती आणि कोणत्या ओढ्यावरून गेली, हे सांगायला १९९९ ची एखादी नीट चिठ्ठी पुरली असती. ती लिहिण्याची संधी माझ्या हातात होती आणि मी ‘परिसर’ लिहून मोकळा झालो. तेव्हाच्या दोन मित्रांना मी विचारून पाहिले. एकाला वान नदी आठवते, दुसरा शपथेवर नरनाळ्याचा पायथा सांगतो.

मागच्या हिवाळ्यात एका शाळेच्या मुलांना घेऊन मी पूर्णेवर गेलो होतो. आम्ही काहीही पकडले नाही, टोचले नाही. फोटो काढले आणि चिठ्ठ्या लिहिल्या. पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या, एक काठच्या विहिरीची आणि एक पोपटखेडहून आणलेली. शाळेत येऊन दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब टाकले. पोपटखेडची बाटली किंचित धुरकट झाली, विहिरीची दुधासारखी पांढरी. सातवीतल्या एका मुलीने इश्नुराच्या फोटोखाली चिकटवलेली चिठ्ठी मी परवानगीने उतरवून घेतली आहे :

‘पूर्णा नदी, गांधीग्राम. पुलापासून खाली साठ पावले, उजवा काठ. पाणी संथ, घोट्याइतके. सकाळी साडेनऊ. निळ्या ठिपक्याच्या नऊ, काळ्या पट्ट्यांची एकही नाही. काठच्या विहिरीचे पाणी मचूळ (तिथल्या आजींनी सांगितले, आम्ही प्यालो नाही).’